मुलांच्या तापाच्या औषधाची बाटली : झाकणापासून तळापर्यंत एक परीक्षण

या परीक्षणासाठी घेतलेली वस्तू लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत सापडते : मुलांना तापावर देण्याचे पॅरासिटामॉलचे पातळ औषध. ६० मिलिलिटरची तपकिरी बाटली, तिच्यावरचे पांढरे झाकण, मापाचा छोटा प्लॅस्टिकचा कप, घडी घातलेले माहितीपत्रक आणि हे सगळे मावणारे पुठ्ठ्याचे खोके. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि गेल्या वर्षभरात या औषधाच्या तीन बाटल्या आमच्या घरात आल्या, त्यामुळे हे मत एका रात्रीच्या वापरावर बेतलेले नाही. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे लिहायचे आहे ते या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक बाटलीला लागू पडते.

औषधाबद्दल लोक सहसा जे विचारतात ते आधी सांगून टाकते. चव गोड आहे, मुलगी औषध थुंकून टाकत नाही. रंग स्वच्छ आहे, तळाशी गाळ बसलेला दिसत नाही, वास फळासारखा आहे. ताप तासाभरात उतरू लागतो. ओतताना बाटलीच्या गळ्यावरून एखादा थेंब हमखास ओघळतो आणि लेबल चिकट होते. मला स्वतःला तपासता आले ते एवढेच. आत नेमके काय आहे आणि ते माझ्या मुलीच्या मूत्रपिंडांना झेपणारे आहे का, हा या बाटलीबद्दलचा सर्वांत मोठा प्रश्न मला चाखून, हुंगून किंवा बाटली उजेडात धरून सोडवता येत नाही. चपला किंवा खुर्ची वापरून पाहता येते आणि नाही पटली तर परत करता येते. औषध वापरून पाहणे म्हणजे धोका आधीच पत्करलेला असणे. म्हणून या वस्तूचे परीक्षण करताना कंपनीइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, तिच्यामागे उभ्या असलेल्या सरकारी नियमांचे परीक्षण करावे लागते, आणि मी ते तसेच केले आहे.

सुरुवात आतल्या द्रवापासून. पॅरासिटामॉल पाण्यात फारसे विरघळत नाही. चमचाभर पाण्यात मुलाला पुरेसे औषध विरघळवायचे तर पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखा दुसरा द्रावक घ्यावा लागतो. हे द्रावक दाट, रंगहीन आणि गोडसर असतात. त्यांच्याइतकाच दाट, रंगहीन आणि गोडसर असा आणखी एक द्रव आहे, डायइथिलीन ग्लायकॉल. तो कारखान्यांत निरनिराळ्या कामांसाठी वापरतात, तो औषधी ग्लिसरीनपेक्षा स्वस्त मिळतो आणि तो मूत्रपिंडे निकामी करतो. तो पोटात गेला की आधी उलट्या होतात, पोट दुखते, मग लघवी कमी होत होत थांबते. तापाने निपचित पडलेल्या मुलाला उलटी झाली तर घरच्यांना ती तापामुळेच झाली असे वाटते आणि ताप उतरावा म्हणून त्याच बाटलीतला पुढचा डोस दिला जातो. तो डोस देणारा हात बहुतेक वेळा आईचा किंवा वडिलांचा असतो.

ही भीती काल्पनिक नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील एस. ई. मॅसेन्गिल या कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध पातळ स्वरूपात बाजारात आणले. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने द्रावक म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल निवडले, त्यात रासबेरीचा स्वाद घातला आणि कंपनीच्या प्रयोगशाळेने मिश्रणाची चव, रंगरूप आणि वास तपासून त्याला पसंती दिली. ते विषारी आहे का हे कोणी पाहिले नाही आणि पाहायला हवे असे सांगणारा कायदाही तेव्हा नव्हता. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत अनेक मुले होती. जीवघेणे औषध विकणे हा त्या वेळच्या कायद्याने गुन्हाच ठरत नव्हता. सरकारी निरीक्षकांना माल जप्त करता आला तो एवढ्याच आधारावर की बाटलीवर ‘एलिक्झिर’ असे छापले होते आणि त्या शब्दाच्या अर्थाप्रमाणे आत मद्यार्क असायला हवा होता, तो नव्हता. कंपनीने दुसरा एखादा शब्द छापला असता तर निरीक्षकांच्या हातात काहीच राहिले नसते. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी बहुतेक सगळे औषध त्यांनी दुकाने, दवाखाने आणि घरे पालथी घालून परत मिळवले. निसटलेल्या सुमारे सहा गॅलननी एवढे बळी घेतले. पुढच्याच वर्षी, जून १९३८ मध्ये, नवे औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारपुढे ठेवण्याचे बंधन घालणारा कायदा तिथे झाला.

माझ्या तपासणीचा परिच्छेद पुन्हा पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आले की मी माझ्या बाटलीत जे तपासले, चव, रंग आणि वास, नेमके तेवढेच त्या प्रयोगशाळेने तपासले होते. ग्राहक कितीही दक्ष असला तरी त्याची धाव तिथपर्यंतच असते. त्यापुढची तपासणी ज्याच्याकडे यंत्रे आहेत, कारखान्यात शिरण्याचा अधिकार आहे आणि माल अडवण्याची ताकद आहे त्यालाच करता येते.

आणि तरीही १९३८ नंतर हे मृत्यू थांबले नाहीत, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगापुढे औषध नियंत्रणातली ढिलाई उघड झाली. १९९० च्या दशकात बांगलादेशात आणि हैतीमध्ये मुले गेली ती पॅरासिटामॉलच्याच पातळ औषधाने. २००६ मध्ये पनामात खोकल्याचे औषध सरकारी यंत्रणेनेच बनवले होते. त्यातले तथाकथित ग्लिसरीन चीनमधून स्पेनमार्गे आले, वाटेत हात बदलताना कागदपत्रांवरून मूळ उत्पादकाचे नाव नाहीसे झाले आणि पिंपावर जे लिहिले आहे तेच पिंपात आहे का, हे एकाही टप्प्यावर कोणी पाहिले नाही. २०२२ मध्ये गांबियात आणि इंडोनेशियात पुन्हा तेच घडले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला. या सगळ्या घटना मी लागोपाठ वाचल्या तेव्हा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटली की दोष शोधून काढण्याची पद्धत प्रत्येक वेळी उपलब्ध होती. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल आणि त्याचे भावंड इथिलीन ग्लायकॉल ०.१० टक्क्याहून अधिक असू नये, अशी मर्यादा ठरलेली आहे आणि ती ओलांडली आहे का हे प्रयोगशाळेत ओळखता येते. पनामानंतर, २००७ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उत्पादकांना प्रत्येक खेपेतले प्रत्येक पिंप तपासण्यास सांगितले. ‘प्रत्येक’ या शब्दातच सगळे आले. विक्रेत्याने दिलेले शुद्धतेचे प्रमाणपत्र फाइलला लावणे ही तपासणी नव्हे, कारण ते प्रमाणपत्र त्या पिंपाबद्दल विक्रेता काय म्हणतो एवढेच सांगते.

द्रवाला मी गुण देत नाही. मुलगी बरी झाली, म्हणजे तीन बाटल्या निर्दोष होत्या, एवढेच मला ठाऊक आहे, आणि हे मला कळले ते औषध पाजून झाल्यावर. खोक्यावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता आहे, घटकांची यादी आहे. परंतु ज्या पिंपातला द्रावक या बॅचमध्ये वापरला त्याची तपासणी झाली का आणि तिचा निष्कर्ष काय आला, हे पाहण्याची सोय नाही. बॅच क्रमांक टाकला की ही माहिती कोणालाही पाहता येईल अशी सोय नियामकाने बंधनकारक करावी, असे मला मनापासून वाटते.

लेबल मात्र चांगले आहे. अक्षरे बारीक आहेत, पण पॅरासिटामॉलचे प्रमाण, बाकीचे घटक आणि साठवणुकीच्या सूचना सगळे जागच्या जागी आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे असे नव्हते. दात येणाऱ्या, रडणाऱ्या बाळांना शांत करण्यासाठी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरोघर वापरले जाणारे ‘मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप’ बाळांना शांत करत असे ते त्यातल्या मॉर्फिनमुळे, आणि बाटलीवर तसा शब्दही नसे. अफू, मॉर्फिन, मद्यार्क यांसारखे घटक लेबलवर जाहीर करण्याची सक्ती अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने झाली. त्या कायद्याने तसे औषध विकायला बंदी केली नव्हती, फक्त ते लपवायला बंदी केली होती, आणि तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला, कारण बाळाला अफूचा अर्क पाजतो आहोत हे कळल्यावर हात आखडतोच. लेबल कोण वाचतो, असे म्हणणाऱ्यांना मी पनामातलीच दुसरी घटना सांगते. २००७ मध्ये तिथल्या एका सामान्य ग्राहकाने दुकानात टूथपेस्टच्या नळीवरची घटकांची यादी वाचली, तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे नाव त्याला दिसले, आदल्या वर्षीच्या मृत्यूंमुळे ते त्याच्या ओळखीचे होते, आणि तो ती नळी घेऊन सरकारी कार्यालयात गेला. त्यातून अनेक देशांत त्या टूथपेस्टचा शोध घेऊन ती बाजारातून काढावी लागली. यादी छापायला लावणारा नियम नसता तर त्याला वाचायला काही मिळालेच नसते.

आता झाकण. बाटलीचा हा भाग मला सर्वांत जास्त आवडला आणि त्यानेच मला सर्वांत जास्त घाबरवले. नुसते फिरवले तर ते टकटक आवाज करत जागच्या जागी गोल फिरत राहते. तळहाताने खाली दाबून फिरवले तरच आतले आटे पकड घेतात. रिकामी झालेली दुसरी बाटली मी उकळत्या पाण्याने दोनदा धुतली, साध्या पाण्याने भरली, झाकण घट्ट बसवले आणि मुलीच्या हातात दिली. तिने ती फिरवली, दातांत धरून ओढली, जमिनीवर आपटली, मग पायांमध्ये धरून दोन्ही हातांनी फिरवली. पाचएक मिनिटांनी तिने बाटली माझ्याकडे सरकवली. मी एक शब्दही न बोलता तिच्यासमोर झाकण उघडून पुन्हा लावले. या वेळी तिने बाटली जमिनीवर ठेवली, दोन्ही तळवे झाकणावर टेकवले, सगळे अंग त्यावर टाकले आणि तिसऱ्या प्रयत्नात झाकण निघाले.

हा प्रयोग मी माझ्या मनाने रचलेला नाही. अमेरिकेतल्या नियमांत अशा झाकणांची चाचणी जवळजवळ अशीच ठरवलेली आहे : ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना जोडीजोडीने बसवून पाच मिनिटे बाटली उघडू द्यायची, मग न बोलता एकदा उघडून दाखवायची, दात वापरले तरी चालतील असे सांगायचे आणि आणखी पाच मिनिटे द्यायची. पहिल्या पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना आणि संपूर्ण दहा मिनिटांत किमान ८० टक्के मुलांना बाटली उघडता येता कामा नये. म्हणजे सर्व कसोट्यांना उतरलेले झाकणही पाचांतल्या एका मुलाला उघडता आले तरी नियमात बसते. माझी मुलगी त्या पाचांतली एक निघाली. म्हणूनच अशा झाकणाला ‘मुलांना न उघडणारे’ असे म्हणू नये. ते मुलांना वेळ लावणारे झाकण आहे, आणि त्या वेळात घरातल्या कोणाचे तरी लक्ष जायला हवे. हा प्रयोग इतरांनी घरी करू नये असे मी स्पष्ट सांगते. मुलीला जे येत नव्हते ते मी तिला शिकवले आणि त्या दिवसापासून औषधांचा डबा कुलपात गेला आहे.

‘दाबा आणि फिरवा’ ही युक्ती कॅनडातल्या विंडसर शहरातून १९६७ मध्ये आली. औषधे गिळून आलेली मुले रुग्णालयात वारंवार पाहणारे डॉ. हेन्री ब्रो हे बालरोगतज्ज्ञ तिच्यासाठी झटले. युक्ती निघाली म्हणून सगळ्या कंपन्यांनी ती आपणहून उचलली असती तर कायद्याची गरजच पडली नसती. साधे झाकण स्वस्त असते आणि उघडायला सोपे असते, त्यामुळे एकट्याने ते बदलणारी कंपनी तोट्यात जाण्याचा संभव असतो. अमेरिकेत १९७० मध्ये विषबाधा टाळणाऱ्या वेष्टनाचा कायदा झाला, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने १९७४ मध्ये अशी झाकणे सक्तीची केली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या-औषधांना हे झाकण आल्यामुळे अमेरिकेत १९७४ ते १९९२ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे सुमारे ४६० मृत्यू टळले, असा अंदाज १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. मला या नियमातली विशेष चांगली वाटणारी गोष्ट ही की तो झाकण कोणत्या आकाराचे असावे हे सांगत नाही, ते कोणत्या परीक्षेत उतरले पाहिजे हे सांगतो. परीक्षा खऱ्या मुलांवर घ्यायची असल्यामुळे तिथे कागद दाखवून सुटका होत नाही.

झाकणाची दुसरी बाजू माझ्या आईने मला दाखवली. ती बहात्तर वर्षांची आहे, बोटांचे सांधे संधिवाताने सुजलेले असतात, आणि मी कामावर असताना नातीला औषध देण्याची वेळ तिच्यावर येते. एकदा संध्याकाळी घरी आले तर बाटली डब्यात होती, पण झाकण नुसते वर टेकवलेले. “मला ते दाबून फिरवायला जमत नाही गं, पुन्हा उघडता आलं नाही तर पोरीला औषध कसं देऊ?” असे तिने विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. जे झाकण आजीला उघडता येत नाही ते ती लावतच नाही, आणि मग त्याचा नातीला काही उपयोग राहत नाही. याची दखल नियम करणाऱ्यांनीही घेतली, पण उशिरा. अमेरिकेत १९९५ मध्ये चाचणी बदलली आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांना झाकण उघडून पुन्हा नीट लावता येते का, हे पाहणे सक्तीचे झाले. माझ्या आईच्या वयाची आणि तिच्यासारख्या हातांची माणसे त्याही चाचणीत येत नाहीत. आम्ही तोडगा काढला तो असा की आईने बाटली ओट्याच्या कडेला टेकवून, झाकणावर ओल्या कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबायचे. जमते, पण हा तोडगा बाटलीत असायला हवा होता.

झाकणाखालच्या कड्याबद्दल थोडक्यात. पहिल्यांदा उघडताना ते तुटते आणि तुटलेले दिसते, त्यामुळे आपल्याआधी कोणी बाटली उघडली नाही याची खात्री पटते. शिकागो परिसरात १९८२ मध्ये कोणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरून बाटल्या दुकानांच्या फळीवर परत ठेवल्या आणि सात जणांचा जीव गेला. गुन्हेगार अजूनही सापडलेला नाही. छेडछाड दिसून येईल असे वेष्टन अमेरिकेत त्याच वर्षी सक्तीचे झाले. टायलेनॉलमधले औषधही पॅरासिटामॉलच होते. माझ्या तिन्ही बाटल्यांचे कडे अखंड होते. मुदत संपण्याची तारीखही स्पष्ट छापलेली आहे. ती अंदाजाने घातलेली नसते, औषध ४० अंश सेल्सिअसला आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ते कितपत टिकते हे पाहण्यासारख्या चाचण्या त्यामागे असतात. बाटली उघडल्यानंतर औषध किती दिवस चालते, हे मात्र माझ्या बाटलीवर लिहिलेले नाही, आणि ते लिहायला हवे.

माहितीपत्रक वाचणे हे कष्टाचे काम आहे. कागद पातळ आहे, पलीकडची अक्षरे अलीकडे दिसतात, आणि आईवडिलांना पहिल्या ओळीत हवी असलेली गोष्ट, म्हणजे चोवीस तासांत जास्तीत जास्त किती वेळा औषध द्यायचे, ती दुसऱ्या पानाच्या मधोमध सापडते. तरीही पत्रक फेकून देऊ नये. मुलांच्या औषधावरच्या एका इशाऱ्याची किंमत किती असते हे ॲस्पिरिनच्या उदाहरणाने दिसले आहे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यावर मेंदूला आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होण्याचा धोका १९८० च्या सुमारास स्पष्ट होऊ लागला. त्या वर्षी अमेरिकेत ५५५ रुग्णांची नोंद झाली. १९८२ मध्ये लेबलवर इशारा छापण्याचा प्रस्ताव पुढे आला, उत्पादकांनी पुराव्यावर आक्षेप घेतले, प्रस्ताव मागे पडला आणि इशारा सक्तीचा व्हायला १९८६ उजाडले. डॉक्टरांनी तोंडी सांगितल्यामुळे आणि बातम्यांमुळे रुग्ण मधल्या काळातही कमी होत होते, हे खरे. पण १९८७ नंतर एकाही वर्षी ३६ पेक्षा जास्त रुग्ण नोंदले गेले नाहीत, आणि ती मधली चार वर्षे ज्या घरांनी भोगली त्यांना ‘पुरावा अजून पूर्ण नाही’ हे उत्तर पुरले नसेल. नियमांमुळे धंद्याला उशीर होतो अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. नियम उशिरा आल्यामुळे झालेले नुकसान रुग्णालयांत होते, म्हणून ते कोणाच्या हिशेबात दिसत नाही.

शेवटी मापाचा कप, आणि इथे माझी तक्रार गंभीर आहे. पहिल्या दोन बाटल्यांत दर ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध होते आणि डॉक्टरांनी मुलीच्या वजनाप्रमाणे साडेसात मिलिलिटर सांगितले होते. तिसरी बाटली घाईत आणली. खोके त्याच रंगाचे, चित्र तेच, नाव तेच. रात्री दोनच्या सुमारास मुलगी तापाने फणफणली, मी मंद दिव्यात कप डोळ्यांसमोर धरला, पण पारदर्शक प्लॅस्टिकवर पारदर्शक उठावाच्या रेघा, त्या दिसेनात. म्हणून मोबाइलचा उजेड लावला, आणि त्या उजेडात कपाशेजारी ठेवलेल्या बाटलीवरचा आकडा दिसला : ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम. ही सहा वर्षांवरच्या मुलांसाठीची बाटली होती. कपात ओतून तयार असलेले साडेसात मिलिलिटर म्हणजे माझ्या मुलीच्या नेहमीच्या डोसच्या दुपटीहून जास्त औषध होते. पॅरासिटामॉल जास्त झाले तर इजा यकृताला होते आणि पहिल्या दिवशी तिची लक्षणे फारशी दिसत नाहीत, त्यामुळे असा डोस दोन-तीनदा गेला असता तरी मला ते कळले नसते. कपाच्या रेघा नीट दिसल्या असत्या तर मी उजेड लावलाच नसता, हा विचार मनातून जात नाही.

ही चूक माझी होती, पण ती करायला सोपी करून ठेवलेली होती. अमेरिकेत खूप खपणाऱ्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मुलांच्या २०० पातळ औषधांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे चौथ्या भागात मापाचे साधनच दिलेले नव्हते, आणि ज्यांत होते त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत लेबलवरची मापे आणि साधनावरच्या खुणा यांचा कुठे ना कुठे मेळ बसत नव्हता. त्यावर तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्या पाळण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. त्याच वर्षी तिथल्या उत्पादकांनी तान्ह्या बाळांसाठीचे जास्त तीव्र थेंब बंद करून मुलांच्या पातळ पॅरासिटामॉलचे प्रमाण ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम असे एकच ठेवायचे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली; पण इतरत्र दोन-दोन तीव्रता आजही शेजारी शेजारी विकल्या जातात. एकाच बाटलीवरचे झाकण आणि कप समोर ठेवून पाहिले की सल्ला आणि सक्ती यांतला फरक हातात येतो. झाकण परीक्षेला बसून आले आहे, कप बसलेला नाही.

ही बाटली घ्यावी का, असे कोणी विचारले तर घ्यावी, असेच मी सांगेन, कारण औषध गुणकारी आहे आणि झाकण, कडे व लेबल चोख आहेत. कप मात्र खोक्यातून काढून बाजूला ठेवावा आणि औषधविक्रेत्याकडून तोंडाने औषध देण्याची, काळ्या ठळक खुणांची सिरिंज मागून घ्यावी. कंपनीला आणि औषध नियामकाला मी एकच पत्र पाठवले आहे. त्यात तीन मागण्या केल्या आहेत : दोन तीव्रतांच्या खोक्यांचे रंग पूर्णपणे वेगळे असावेत, प्रत्येक बाटलीसोबत तिच्या लेबलशी जुळणाऱ्या खुणांची सिरिंज देणे बंधनकारक व्हावे, आणि त्या खुणा रात्रीच्या मंद उजेडात खऱ्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना वाचता येतात का याची चाचणी, झाकणाची होते तशीच, माणसांवर घेतली जावी. अजून उत्तर आलेले नाही. आमच्या घरातल्या सिरिंजवर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाशी मी लाल रेघ ओढली आहे, आणि बाटली संपेपर्यंत बॅच क्रमांकासकट तिचे खोके डब्यातच ठेवते.